पत्र्यावरचं ब्लँकेट

सोमवार, २ सप्टेंबर

औषध कंपनीच्या माणसानं हॉस्पिटलात यंदाच्या डायऱ्या वाटल्या, त्यातली एक माझ्या वाट्याला आली. वर्षाचे आठ महिने उलटल्यावर वाटतोय म्हणजे उरलेल्याच असणार. पण पानं कोरी आहेत, कागद बरा आहे. घरी येऊन ह्यांना सांगितलं, आजपासून मी रोज लिहिणार. हे म्हणाले, "रोज बोलतेस ते पुरत नाही का?" बायकोच्या उत्साहावर पाणी ओतायला ह्यांना बादली लागत नाही.

लिहावंसं वाटलं त्याला कारण आहे. आजपासून लाँड्रीत सकाळची प्रार्थना सुरू झाली. सोळा वर्षं मी या हॉस्पिटलच्या धुलाईची मुकादम आहे आणि सोळा वर्षं ही इच्छा मनात होती. नवे व्यवस्थापक आमच्याच चर्चचे, त्यांनी परवानगी दिली. आठ ते सव्वाआठ, इस्त्रीच्या टेबलापाशी. अट एकच, काम थांबता कामा नये. ऑपरेशन थिएटरची बोचकी साडेसातला खाली येतात आणि पहिलं मशीन साडेआठला लागलंच पाहिजे. त्यामुळे निवडायच्या टेबलावर बाईसाहेब हात चालवत चालवतच प्रार्थनेला असणार.

बाईसाहेब म्हणजे आमची मळके कपडे निवडणारी. चौतिसाची आहे, जन्मापासून दिसत नाही. सगळ्यांना हुकूम सोडते म्हणून हे नाव पडलं, आणि तिला ते आवडतं. तिच्या टेबलाच्या पुढच्या कडेला खाली एक मोठा पत्रा लावलाय. तो तिनंच सहा वर्षांपूर्वी मागून घेतला. प्रत्येक चादर, प्रत्येक हिरवं फडकं पत्र्यावर धरून दोनदा झटकायचं, मगच हात फिरवायचा. आत काही राहिलं असेल तर पत्र्यावर पडतं आणि ही आवाजावरून सांगते: बटण, पिन, टाक्याची सुई. एकदा म्हणाली, "हे कुणाचंतरी कानातलं आहे, हलकं, खोटं असेल." खोटंच होतं.

माझ्या आठ माणसांत पाच अशी आहेत की दुसरीकडे कुणी दारात उभं केलं नसतं. बाईसाहेब. पायानं अधू इस्त्रीवाला. मुक्या-बहिऱ्या दोघी बहिणी, घडी घालतात. आणि ट्रॉली ढकलणारं आमचं इंजिन. वय चाळीस, मन सात वर्षांचं, तोंडानं भकभक करत गाडी नेतो. ह्या पाचांना मी घेतलं. देवानं सांगितलं म्हणून घेतलं, हे मी कुणाला सांगत नाही, इथे लिहिते.

बुधवार, ४ सप्टेंबर

प्रार्थना चालू आणि तिकडे टण, खण, टण! आज बोचक्यांत पिना फार होत्या. आजाऱ्यांसाठी प्रार्थना करत होते, दर वाक्याला पत्रा वाजायचा. वरच्या वॉर्डातली सिस्टर पहिल्यांदाच आली होती, तिला हसू आवरेना. मला लाजल्यासारखं झालं.

शेवटी एक जुनं ब्लँकेट चौघडी करून पत्र्यावर घातलं. एकदम शांत. बाईसाहेब म्हणाली, "मावशी, पत्रा मुका झाला." म्हटलं, प्रार्थनेपुरता. ती म्हणाली, "मग मी त्या वेळात काय करू?" म्हटलं, तू आपली झटकत राहा, आणि देवाचं ऐक जरा. ती गप्प झाली. तिला गप्प बसवणं म्हणजे सोपं काम नव्हे.

सोमवार, ९ सप्टेंबर

आज प्रार्थनेला अकरा जण! स्वयंपाकघरातल्या दोघी आल्या, लिफ्टवाला आला. मन भरून आलं.

एक कटकट सांगायची राहिली. इंजिन रोज ते ब्लँकेट काढतो. मी घालते, हा काढतो, छातीशी धरून उभा राहतो आणि म्हणतो, "बाईसाहेबांचे कान." आज जरा जोरात ओरडले त्याच्यावर. ओठ काढून बसला. नंतर बिस्कीट दिलं. लहान मुलासारखं आहे, सगळं समजावत कोण बसणार?

ब्लँकेट आता दिवसभर तिथेच असतं. रोज काढा-घाला कुणी करायची, आणि कामही शांतपणे होतं.

बुधवार, ११ सप्टेंबर

बाईसाहेबांच्या हातात सुई गेली.

आठ वाजून दहा मिनिटांनी. मी डोळे मिटून दुबळ्यांसाठी प्रार्थना करत होते. ती ओरडलीसुद्धा नाही, "मावशी, सुई" एवढंच म्हणाली. टाक्याची वाकडी सुई, जाड हातमोज्यातून आरपार तळव्यात. मी हात वाहत्या नळाखाली धरला. रक्त पाण्यात जात होतं आणि ती विचारत होती, "किती आलं? थांबलं का?" तातडीच्या खोलीत इंजेक्शनं दिली, रक्त तपासायला घेतलं. आता काही आठवड्यांनी पुन्हा, मग काही महिन्यांनी पुन्हा. कोणत्या आजाऱ्याच्या अंगातून निघालेली सुई, कुणाला माहीत.

थिएटरवाल्यांनी सुया मोजायच्या असतात. मोजल्या नाहीत. एवढं सोपं आहे. 

गुरुवार, १२ सप्टेंबर

तळपायाची आग मस्तकात गेली आहे.

व्यवस्थापकांनी बोलावलं. समोर अहवाल. "अपघाताचं कारण: कामगार दृष्टिहीन." बस्स. थिएटरचं नाव नाही, सुईचं मूळ नाही. जणू काही सुई तिनंच घरून आणली होती! मोठ्या मायेनं म्हणाले, "बाई, अशा माणसांना आपण धोक्यात घालतोय. ह्या पाचही जणांना बसून करायचं काहीतरी हलकं देऊ, बाहेरच्या दिव्यांग केंद्रात. त्यांच्याच भल्यासाठी." म्हणजे कापसाचे बोळे वळायचे, बाहेरच्या माणसांचं तोंड बघायचं नाही. समितीची बैठक सत्तावीस तारखेला आहे, तिथे निर्णय.

मी म्हटलं, साहेब, चादरीच्या घडीतली सुई डोळसालाही दिसत नाही. ते म्हणाले, "भावनेच्या भरात बोलू नका."

आपलं ठेवायचं झाकून आणि दुसऱ्याचं बघायचं वाकून, असा सगळा कारभार. प्रभू, तू साक्षीला आहेस. ह्या पाच जणांना न्याय मिळेपर्यंत मी थांबणार नाही.

रविवार, १५ सप्टेंबर

पाळकसाहेबांनी आज जणू माझ्यासाठीच उपदेश केला. बायबलातल्या एका जुन्या संदेष्ट्यावर बोलले. तो लोकांना सांगायचा, की तुमची गाणी आणि तुमचे मेळावे ह्यांचा देवाला वीट आलाय, आधी न्याय वाहू द्या. व्यवस्थापक तिसऱ्या बाकावर होते. मी मुद्दाम वळून पाहिलं, तर मान खाली. म्हटलं, खाई त्याला खवखवे.

उपासना संपल्यावर पाळकसाहेबांना गाठलं, ते समितीवर आहेत. मी तावातावानं सगळं सांगितलं. त्यांनी ऐकून घेतलं आणि म्हणाले, "मावशी, त्या सकाळी काय काय झालं ते वेळेसकट लिहून काढा. सगळं. काही गाळू नका."

लिहिते की. माझ्याकडे गाळण्यासारखं आहे काय?

बुधवार, १८ सप्टेंबर

अर्ज तयार. तीन पानं. बाईसाहेबांची सहा वर्षांची चोख नोकरी, एकदाही खाडा नाही. पत्र्याची पद्धत तर मी सविस्तर लिहिली: "दर कापड पत्र्यावर झटकलं जातं, वस्तू पडताच आवाज होतो, व सदर कामगार आवाजावरून वस्तू ओळखते. ही पद्धत कोणत्याही डोळस निवडणाऱ्यापेक्षा सुरक्षित आहे." वाचून मलाच अभिमान वाटला.

ह्यांना वाचायला दिला. घड्याळं दुरुस्त करण्यात हयात गेली ह्यांची, त्यामुळे कागदसुद्धा भिंग लावल्यासारखा वाचतात. शेवटी म्हणाले, "छान आहे. मग त्या दिवशी आवाज का नाही झाला?"

फाटे फोडायची सवयच आहे ह्यांना. मी चहा टाकायला उठले.

गुरुवार, १९ सप्टेंबर

आज लिहिण्यासारखं काही नाही.

रविवार, २२ सप्टेंबर

प्रभुभोजनाचा रविवार. भाकर आणि द्राक्षरस घ्यायला मी पुढे गेले नाही, बाकावर बसून राहिले. ह्यांनी विचारलं तर सांगितलं, घसा खवखवतोय. ह्यांनी खिशातली खडीसाखर काढून दिली आणि पुढे काही विचारलं नाही. दुसरा कुणी असता तर विचारून तरी घेतलं असतं.

चार दिवस झाले, अर्ज पर्समध्ये आहे. द्यायला जाते आणि परत येते. प्रार्थनाही घेतली नाही, घशाचं निमित्त सांगितलं. ब्लँकेट मी काढलं नाही. शुक्रवारी इंजिननं काढलं, तेव्हा त्याला रोखलंही नाही. बाईसाहेबांच्या जागी आता तात्पुरती एक मुलगी बसवलीय, चांगले डोळे आहेत. तिच्या बोचक्यातून काल एक पिन थेट मशीनमध्ये गेली.

मंगळवार, २४ सप्टेंबर

सुटल्यावर बाईसाहेबांकडे गेले. नोकरी करणाऱ्या बायकांच्या वसतिगृहात राहते, दुसऱ्या मजल्यावर. खोली अशी लख्ख, की मला माझ्या घराची लाज वाटली. कपाटात कपबश्यांचे कान सगळे एकाच दिशेला. तिनंच चहा केला. पहिली रक्ततपासणी नीट आलीय, हे तिनं असं सांगितलं जणू बाजारातला भाव सांगतेय.

मी घोटाळत होते. शेवटी म्हटलं, "तुला त्या ब्लँकेटचं आठवतं का गं?"

"मावशी, मी आंधळी आहे. विसरभोळी नाही."

 मग विचारलं, चौकशीत का नाही सांगितलंस?

"विचारलं कुणी? मला एकच प्रश्न विचारला, किती दिसतं. म्हटलं, काहीच नाही. झाली चौकशी." तिनं बशी माझ्यापुढे बरोबर ठेवली. "आणि तुम्ही अर्ज लिहिलात म्हणे. इस्त्रीवाला सांगत होता. माझ्याबद्दल तीन पानं. मला वाचून दाखवलीत?"

नाही दाखवली. सुचलंच नाही मला. तिच्यासाठी लढत होते आणि तिला विचारायचं सुचलं नाही.

म्हटलं, "मला तरी सांगायचंस, शिव्या द्यायच्यास."

"पहिल्या दिवशी सांगितलं होतं, पत्रा मुका झाला म्हणून. मग वाट बघत होते." ती जरा हसली. "तुम्ही रोज सकाळी सगळ्यांकडून पापांची कबुली म्हणून घ्यायचात ना? मी कान देऊन ऐकायचे. म्हटलं, ह्यात कधी ब्लँकेट येतं का बघू."

मी रडले. तिथेच, तिच्या कपात. तिनं रडू दिलं, समजूत काढली नाही, आणि तेच बरं केलं. मग म्हणाली, "मला केंद्रात जायचं नाही, मावशी. बोळे वळायचे नाहीत. मला माझं टेबल पाहिजे आणि पत्रा पाहिजे. शुक्रवारी मी येणार आणि माझं मी बोलणार. तुमचं तुम्ही बोला."

घरी येऊन ह्यांना सगळं सांगितलं. माझी नोकरी जाईल, हेही सांगितलं. हे म्हणाले, "जाईल कदाचित." मग दिवा मालवताना, "घसा बरा वाटतोय का?"

शुक्रवार, २७ सप्टेंबर

बैठक झाली. जसं झालं तसं लिहिते, वेळेसकट.

अकरा वाजता आत गेलो. लांब टेबल, सात माणसं, मध्ये अध्यक्षबाई. पाळकसाहेब कोपऱ्यात. इंजिन पत्रा डोक्यावर घेऊन आला, भकभक करत, आणि अध्यक्षबाईंच्या पुढ्यात धाडकन ठेवला. त्यांच्या चष्म्याची दांडी घसरली. त्याला कुणी आणायला सांगितलं होतं, हे वेगळं लिहायला नको.

व्यवस्थापकांनी अहवाल वाचला. मग बाईसाहेब उभी राहिली. साडीची घडी न् घडी नीट, हाताला अजून पट्टी. म्हणाली, "मी कशी निवडते ते आधी ऐका. टाका काहीही." कुणी टाकेना. शेवटी अध्यक्षबाईंनीच टाचणी टाकली. "टाचणी." पाळकसाहेबांनी किल्ली टाकली. "किल्ली, लहान, पेटीची असेल." व्यवस्थापकांनी काहीतरी टाकलं. ती थांबली. "हे मला ओळखता येत नाही. पण काहीतरी पडलंय हे कळलं, म्हणजे मी हात घालणार नाही. काम एवढंच आहे." पेनाची टोपी होती.

अध्यक्षबाई हुशार. त्यांनी तोच प्रश्न विचारला, जो ह्यांनी विचारला होता. "मग अकरा तारखेला आवाज का झाला नाही?"

बाईसाहेबांनी तोंड माझ्या दिशेनं वळवलं आणि ती थांबली. मी कुठे बसलेय, हे तिला माझ्या श्वासावरून कळलं असणार, कारण तो मलाही ऐकू येत होता.

मी उठले. अर्ज पर्समध्येच राहिला. म्हटलं, "पत्र्यावर ब्लँकेट होतं. मी घातलं होतं. आठवडाभर आधीपासून. तिनं सांगितलं तेव्हा ऐकलं नाही, आणि ह्यानं काढलं तेव्हा मी ह्याच्यावर ओरडले."

"कशासाठी घातलंत?"

"प्रार्थनेत आवाज नको म्हणून."

मी पदरानं डोळे पुसले. इंजिन माझी बाही ओढून म्हणाला, "मावशी, बिस्कीट?" तो माझी समजूत घालत होता. रडल्यावर बिस्कीट देतात, हे त्याला माझ्याकडूनच कळलंय.

निर्णय साडेबाराला सांगितला. पाचही जण आपापल्या जागी राहणार. अहवालातलं कारण खोडून नवीन लिहिणार, त्यात मोजायच्या राहिलेल्या सुयाही येणार आणि ब्लँकेटही. थिएटरनं प्रत्येक बोचक्यासोबत मोजणीची चिठ्ठी द्यायची. माझी मुकादमी गेली. नोकरी राहिली, इस्त्रीच्या टेबलावर. मी मान्य केलं. वाईट वाटलं नाही असं लिहिलं तर खोटं होईल, सोळा वर्षं होती ती.

जिन्यात व्यवस्थापक भेटले. म्हणाले, "मला खरंच वाटत होतं, मी त्यांना सांभाळतोय."

म्हटलं, "मलाही तसंच वाटत होतं, साहेब." 

सोमवार, ७ ऑक्टोबर

इस्त्रीचा पहिला आठवडा संपला. खांदे भरून आले आहेत. कागदावर मुकादम आता इस्त्रीवाला. पण त्याला काहीही विचारलं की तो बाईसाहेबांकडे बघतो, आणि तिला ते दिसत नसूनही ती उत्तर देते. ते ब्लँकेट इंजिननं धुऊन ट्रॉलीत अंथरलंय. त्यावर दुसऱ्या कुणाला बसू देत नाही.

प्रार्थना बंदच ठेवायची असं मी ठरवलं होतं. आज आठ वाजता बाईसाहेब टेबलावरून ओरडली, "काय मावशी, आज सुट्टी का देवाला?" म्हटलं, तू घे. ती म्हणाली, "मला काम आहे. तुम्ही घ्या, मी ऐकतेय. दोन्हीकडे."

मग मी घेतली. इस्त्री बाजूला ठेवली, सहाच जण होते. कबुलीपाशी आले तेव्हा पहिल्यांदा ब्लँकेटचं नाव घेतलं, मोठ्यानं. तिकडे झटकणं चालूच होतं, दोनदा, दोनदा. आणि वाक्याच्या मध्येच, टण.

सगळे थांबले. चिठ्ठीवर थिएटरनं लिहिलं होतं, सगळ्या सुया मोजल्या, सही. बाईसाहेबांनी चिमट्यानं ती सुई उचलली, डबीत टाकली, चिठ्ठी डबीभोवती गुंडाळली आणि इंजिनच्या हातात दिली. "वर नेऊन दे. म्हणावं, ही मोजायची राहिली. आणि उत्तर घेतल्याशिवाय खाली येऊ नकोस." इंजिन भकभक करत निघाला.

"चालू द्या, मावशी," ती म्हणाली आणि पुढची चादर उचलली. मी जिथे थांबले होते तिथून पुढे चालू केलं.